उजवं विरजण

लोक ज्या पाण्यानं चूळ भरतात त्या पाण्याच्या तळाशी काय असतं, हे सगळ्या कराडात एकट्या प्रताप इंगवलेला माहीत होतं. म्हणून तो कुणाच्या घरी पाणी पीत नसे. मेलेल्या पाली, कबुतराची फुटलेली अंडी, कुजकी पिसं, आणि एकदा तर कवळी. अख्खी, वरची, दातांच्या फटीत शेंगदाणा अडकलेली. घरमालकाला दाखवली तर तो म्हणाला, "अरे वा, बाबांची! चार महिने शोधतोय," आणि नळाखाली धरून खिशात घातली.

गच्चीवरच्या टाक्या धुणं हा प्रतापचा धंदा. जीव मात्र आभाळात. शाळेत असल्यापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा: या विश्वात आपल्याशिवाय कुणीतरी आहे, आणि ते आपल्यालाच सापडणार. दुर्बीण घेऊन झाली. गच्चीवर रेडिओची तबकडी लावून झाली. तिच्यात श्रमसाफल्य सोसायटीचे चेअरमन शिंगटे यांच्या घरच्यांनी सांडगे वाळवले. सोसायटीत सगळे त्याला 'मंगळवाले' म्हणत. बायको अर्चना तसं म्हणत नसे, पण कुणी म्हटलं की हसायची.

शेवटी प्रतापच्या लक्षात आलं, की आभाळ बघायला मान वर करायची गरजच नाही. आभाळ रोज खाली पडतंय. अवकाशातून दर वर्षी हजारो टन धूळ पृथ्वीवर येते. बरीचशी वाटेत जळते, पण अगदी बारीक कण हळू उतरतात आणि टिकतात. ते गच्चीवर पडतात, झाकण फुटलेल्या टाकीत जातात आणि तळाशी बसतात. झाकण शाबूत असलेली टाकी कराडात प्रतापनं अजून पाहिली नव्हती. टाकीचा गाळ लोक गटारात ओतायचे, प्रताप तो बादलीतून घरी आणायचा आणि बाल्कनीत बसून त्यातून लोहचुंबक फिरवायचा. अर्चना बाल्कनीचं दार लावून घ्यायची आणि खालच्या फटीला ओला टॉवेल लावायची.

दोन हजार एक्केचाळीस साली त्याच्यासारख्या हौशी लोकांच्या हातात एक यंत्र आलं. मधुमेहवाले साखर मोजतात तेवढंच, पट्टीवर थेंब टाकायचा आणि आकडा बघायचा. सगळे त्याला 'डावंउजवं' म्हणत. त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. तुमची डावी चप्पल आणि उजवी चप्पल, दोन्ही एकाच मापाच्या, एकाच चामड्याच्या. पण डावी उजव्या पायात जात नाही. प्रथिनांच्या विटासुद्धा अशाच डाव्या आणि उजव्या असतात. निर्जीव रसायनात दोन्ही निम्मे निम्मे. पण पृथ्वीवरचा जिवंत कारखाना, मग तो हत्ती असो, गवत असो की शिंगटे चेअरमन, प्रथिनं बांधायला फक्त डाव्या विटा वापरतो. उजव्या सापडल्याच तर काही जंतूंच्या सालीत, दोन-चार टक्के. म्हणजे एखादी गोष्ट वाढतेय, पसरतेय, जिवंत आहे, आणि तरी ती जवळजवळ सगळी उजवी आहे, तर ती आपल्यातली नाही. तिचा कारखानाच दुसऱ्या गावचा.

मंडईमागच्या एका बंद पडलेल्या लॉजची टाकी अकरा वर्षं कुणी उघडली नव्हती. प्रतापनं उघडली आणि त्याच्यासारखा निर्ढावलेला माणूस दोन पायऱ्या मागे आला. ओले मोजे, नासलेली हरभऱ्याची उसळ आणि दवाखान्याचा जिना, असा तिन्हींचा मिळून वास. आत गाळावर जांभळट, शेंबडासारखी साय धरलेली. ती जरा हलत होती. पाणी स्थिर होतं, साय हलत होती.

प्रतापनं पट्टीवर थेंब टाकला. डावी तीन, उजवी सत्त्याण्णव.

त्यानं पट्टी बदलली. उजवी सत्त्याण्णव. तिसरी पट्टी. तेच. प्रताप टाकीच्या काठावर बसला आणि रडला. रडताना तोंडानं श्वास घ्यावा लागत होता, कारण नाकानं शक्य नव्हतं.

मग त्यानं अर्धी बाटली साय भरून घेतली, काठावर चिकटलेले थोडे सुके कण औषधाच्या डबीत घातले, आणि उरलेली टाकी हाताच्या सवयीनं ब्लीचिंग पावडर टाकून लखलखीत धुतली. जिन्यानं खाली आल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. जगातल्या परग्रहावरच्या जिवांची सगळी वसाहत त्यानं ब्रशनं घासून गटारात सोडली होती. उरली होती ती बाटलीत.

परग्रहजीव नोंदणी मंडळाकडे त्यानं त्याच दिवशी अर्ज केला. उत्तर आलं: नमुना जिवंत ठेवा, थंड ठेवा, ग्लिसरीनवर वाढवा, बारा दिवसांनी आमचा माणूस येईल. नमुना हरवला तर दावा रद्द. ग्लिसरीनच का, तर त्याला डावं-उजवं नसतं. ते मोज्यासारखं, कुठल्याही पायात जातं. उजव्या जिवाला आपल्याकडचं तेवढंच पचतं. प्रतापच्या घरी ग्लिसरीन नव्हतं. पण दुधाच्या सायीतलं तूप फुटलं की त्यातून ग्लिसरीन सुटतं, एवढं त्याला माहीत होतं. घट्ट झाकणाची वाटी घरात एकच होती. त्यानं ती घेतली, नीट विसळली नाही, दुधाची साय आणि बाटलीतला सगळा नमुना घालून फ्रीजच्या दारात वरच्या कप्प्यात ठेवली, आणि वर चिठ्ठी चिकटवली.

चौथ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. दह्याचा चमचा उचलला, तर वाटीपासून तोंडापर्यंत तार आली. चमचा त्यानं हातभर लांब नेला. तार लांबली, मधे जरा झोळ आला, त्या झोळात एक जांभळट गोळी घरंगळली. आणि तोच वास.

"अर्चना, हे दही कुठलं?"

"दह्याला काय गाव असतं? घरचं."

"विरजण कुठलं?"

"वाटीतलं. फ्रीजच्या दारातल्या."

"त्या वाटीवर मी चिठ्ठी लावली होती!"

"लावली होती की. 'नमुना सतरा, हात लावू नये.' मी हात नाही लावला. चमच्यानं घेतलं."

"अगं पण वास? वास नाही आला तुला?"

"तुमच्याशी लग्न झाल्यापासून मला वास यायचा बंद झालाय," अर्चना म्हणाली आणि भातावर दही कालवलं. "आणि विरजणाच्या जागेवर कुणी नमुने ठेवतं का? पंधरा वर्षं ती वाटी तिथंच आहे."

वाटी उघडून बघितली तर आत नुसतं पुसून घेतल्यासारखं होतं.  "हे दही आणखी कुणाला दिलंस?"

"निकम वहिनींना दिलं थोडं विरजायला. विरजणाला नाही म्हणू नये. दिवेलागणीच्या आत दिलं, काळजी करू नका."

निकम वहिनी म्हणजे शेजारच्या मंगल निकम. त्यांनी वरच्या मजल्यावर दिलं, वरच्यांनी समोरच्या विंगमध्ये दिलं. कुणाचं दही बिघडलं की शेजारून चमचाभर आणायचं, ही आपली रीत. या रीतीनं परग्रहावरचा जीव चार दिवसांत अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये पोचला. अवकाशयानानं एवढं जमलं नसतं. आणि वाईट म्हणजे, ते सगळ्यांना आवडलं. "काय तार येतीया!" निकम वहिनी जिन्यात सांगत होत्या. "आमचे हे तर बोटानं गुंडाळून खातात, शेवयांसारखं."



कुणी आजारी पडलं नाही. पडणार कसं? आपलं पोट डाव्या विटांसाठी बांधलेलं. उजवी वीट आत जाते, बसत नाही, जशीच्या तशी बाहेर येते. पण हा चिकट जीव जाता जाता आतड्याला आतून लेप देऊन जायचा, रेनकोट घातल्यासारखा. मग बाकीचं जेवणसुद्धा अंगी न लागता घसरून जायचं. पहिल्या आठवड्यात निकम वहिनी तीन किलोनं उतरल्या. दुसऱ्या आठवड्यात शिंगटे चेअरमनना खाली बघितल्यावर आपले पाय दिसले. जिन्यात माणसं एकमेकांना पोट आत घेऊन दाखवू लागली.

प्रतापनं सोसायटीची सभा मागितली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सगळे बसले. त्यानं चप्पल दाखवून डावं-उजवं समजावलं, यंत्र दाखवलं, आणि शेवटी हात जोडून सांगितलं, "हे दही नाही. हा पृथ्वीबाहेरचा जीव आहे. तो अकरा वर्षं एका लॉजच्या टाकीत, मेलेल्या कबुतरांबरोबर पडून होता. कृपा करून खाऊ नका."

 प्रतापला वाटलं, आता ओकाऱ्या सुरू होतील.

"पृथ्वीबाहेरचा म्हणजे," मागून एकजण म्हणाला, "खत-औषध काही मारलेलं नसणार."

"शुद्ध!" निकम वहिनी म्हणाल्या.

"मंगळवाले, एक सांगा," शिंगट्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे शाकाहारी का मांसाहारी?"

"चेअरमन, तो जंतू आहे."

"तसं नव्हे. म्हणजे परवा संकष्टी आहे. चालतं का?"

यावर दीड तास चर्चा झाली. परग्रहावरचा जीव माणसाच्या घरात आला, आणि त्याच्याबद्दल माणसानं विचारलेला पहिला प्रश्न हा होता. शेवटी शिंगट्यांनी निकाल दिला, की उपासाला धान्य चालत नाही, आणि धान्य म्हणजे जे जमिनीत उगवतं. हे आपल्या जमिनीत उगवलेलंच नाही. सबब चालतं. ठराव हात वर करून मंजूर झाला. प्रतापनं बघितलं, अर्चनाचाही हात वर होता.

"तूसुद्धा?" घरी आल्यावर तो म्हणाला.

"सहा किलो उतरलेय मी," अर्चना म्हणाली. "लग्नातला ब्लाउज काल घालून बघितला, शेवटचं एक हूक फक्त राहिलंय. पुढच्या महिन्यात दादाच्या मुलीचं लग्न आहे. माझ्या वहिनीनं मला पंधरा वर्षं 'भरल्या घरची' म्हणून चारचौघांत चिडवलंय. एकदा मला त्या बाईसमोरून नुसतं चालत जायचंय."

"पण ते घाण आहे गं!"

"तुम्ही वीस वर्षं बाल्कनीत जे आणलंत ते काय अत्तर होतं?"

 प्रतापनं मान खाली घालून एवढंच विचारलं, की मंडळाचा माणूस येईल तेव्हा एक वाटी देशील ना? टाकी धुऊन गेली, नमुना पोटात गेला, आता पुरावा म्हणून तेच दही उरलंय. अर्चना म्हणाली, "बघू."

बाराव्या दिवशी सकाळी डॉ. पोंक्षे आल्या. साठीच्या, बारीक, हातात शीतपेटी, चेहऱ्यावर कुठल्याच वासाचं काही वाटत नसल्याचा भाव. जंतुशास्त्रज्ञ होत्या, पंचवीस वर्षं त्यांनी माणसांच्या, गाईगुरांच्या आणि उंटांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. मंडळात खगोलवाले पुष्कळ होते, पण जिवंत नमुना म्हटल्यावर ते सगळे मागे सरले आणि बाई पुढे आल्या.

तोपर्यंत सोसायटीत बातमी फिरली होती, की सरकार नमुना नेणार म्हणजे सगळंच नेणार, फ्रीजला सील लावणार. त्यामुळे पहिल्या दारापासूनच चमत्कार सुरू झाला.

"दही? छे हो, आमच्यात कुणाला सोसत नाही."

"आम्ही पिशवीतलं आणतो. हे बघा, तारीख आहे."

निकम वहिनींनी तर डोळे मोठे करून विचारलं, "दही म्हणजे नेमकं कसं असतं?" त्यांच्या मागे खिडकीतल्या कुंडीत एक झाकलेलं पातेलं होतं आणि झाकणाखालून जांभळट बुडबुडा वर येऊन फुटत होता.

अठ्ठेचाळिसावं दार स्वतःचं. सकाळी प्रतापनं फ्रीज उघडला होता, तेव्हा दही जागेवर नव्हतं. प्रतापनं अर्चनाकडे बघितलं. डोळ्यांनी बघितलं, हातांनी बघितलं, सगळ्या अंगानं बघितलं. वीस वर्षं लोक हसले होते. या बाईंच्या शीतपेटीत एक वाटी गेली, की ते हसणं संपणार होतं.

"आमच्याकडेही विकतचंच," अर्चना म्हणाली. पदर सारखा करत, शांतपणे. "यांना जरा सवय आहे हो डॉक्टर. मागं रेडिओची तबकडीसुद्धा लावली होती."

 जिना उतरल्यावर डॉ. पोंक्षेंनी विचारलं, "इंगवले, तुम्ही म्हणता हे पचत नाही?"

"नाही."

"मग बाहेर येतं."

"येतं."

"सोसायटीची सेप्टिक टँक कुठे आहे?"

प्रतापच्या तोंडावर बारा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. माणसं फ्रीज लपवतात, कुंडीत पातेली लपवतात. पण अठ्ठेचाळीस घरांनी रोज मन लावून जे खाल्लं होतं, ते सगळं जिवंत, अख्खं, ठणठणीत, पार्किंगच्या कोपऱ्यात लोखंडी झाकणाखाली जमा होत होतं.

आत उतरणं कायद्यानं बंद, आणि अक्कल असलेल्या माणसासाठी त्याच्याही आधीपासून. प्रतापनं झाकणं उघडून तासभर वारा जाऊ दिला, मास्क चढवला आणि बारा फुटी काठीला बादली बांधून काठावरून खाली सोडली. ती बुडाली नाही. थपकन आवाज करून वरच थांबली. आत पाणी दिसतच नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जांभळट, चकचकीत, गादीसारखी जाड साय होती, आणि ती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती.

"सुंदर," डॉ. पोंक्षे म्हणाल्या.

तेवढ्यात शिंगटे चेअरमन धावत आले. पांढरा सफारी, नवा, दोन मापं लहान शिवलेला. "कुणाच्या परवानगीनं? ही सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे! सभेचा ठराव दाखवा!"

"चेअरमन, मागं व्हा."

"मी मागं होणार नाही! आतलं जे काही आहे ते सभासदांचं आहे!"

"ते मान्यच आहे," प्रताप म्हणाला आणि काठी पिळून ओढली. गादी चिवट होती. ती ताणली गेली, आणखी ताणली गेली, वाकून चौकटीबाहेर आली, आणि मग एकदम भिंतीपासून सुटली. बैलानं शेपूट मारावं तशी ती काठीच्या टोकाला लांब वळसा घेऊन चेअरमनांच्या तोंडावर बसली. नाक, चष्मा, मिशी, सगळं एका आवाजात झाकलं. शिंगटे किंचाळायला गेले, म्हणजे त्यांनी तोंड उघडलं. उघडायला नको होतं.

डॉ. पोंक्षेंनी चिमट्यानं त्यांच्या कानाजवळचा तुकडा उचलून शीतपेटीत ठेवला. "हलू नका, छान नमुना आहे. आणि इंगवले, टाकीतले सुके कण ठेवलेत ना? तेही द्या."

तीन आठवड्यांनी मंडळानं जाहीर केलं: जीव अस्सल उजवा, पृथ्वीवरचा नाही. सविस्तर अहवाल नंतर. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर फलक लागला. 'जगातील पहिल्या परग्रहजीवाचे माहेरघर, श्रमसाफल्य. मार्गदर्शक: श्री. शिंगटे, चेअरमन. विशेष सहकार्य: सर्व सभासद.' खाली, दोरीची गाठ आली होती तिथं: 'टाकी सफाई: इंगवले.' शनिवारी संध्याकाळी सत्कार ठरला. मंत्री येणार, वाहिन्या येणार, आणि सगळ्यांना चांदीचा वर्ख लावून तेच दही मिळणार.

शनिवारी सकाळी प्रताप चहा घेत होता. अर्चना समोर बसून दही खात होती; आता नऊ किलो उतरली होती, चमचा कसा हलका उचलायची. फोन डॉ. पोंक्षेंचा होता.

"अहवाल पाठवतेय. तुम्हीच वाचा संध्याकाळी, शोध तुमचा आहे. बसला आहात ना?"

"बसलोय."

"हा जंतू मोकळ्यावर राहणारा नाही. त्याला भिंतीला धरून राहायला आकडे आहेत, आणि एकेचाळीस अंश उबेत तो सगळ्यात खूश असतो. पंचवीस वर्षं मी हेच बघितलंय, इंगवले. हा आतड्यातला जंतू आहे. कुणाच्यातरी."

प्रतापनं कप खाली ठेवला.

"तुमच्या सुक्या कणांत तंतू निघाले. चावलेले. दातांच्या खुणा आहेत. आणि त्यावर एक सुगंधी रसायन, जे आपोआप बनत नाही. आपण संडासात वासाच्या वड्या टांगतो ना, तसलं. म्हणजे त्यांना दात आहेत, पोट आहे, संडास आहे, आणि वासाची लाजसुद्धा आहे. जाता जाता त्यांनी आपल्या यानाच्या संडासाची टाकी इथं मोकळी केली. लांबच्या प्रवासात आपण नाही का गाडी बाजूला घेत? जागा निर्जन दिसते, कुणी बघत नसतं."

"म्हणजे..." प्रताप म्हणाला.

"म्हणजे तुम्ही नुसता जंतू नाही शोधलात. तुम्ही विचार करणारी, बांधकाम करणारी जात शोधलीत. अभिनंदन. माणसाच्या इतिहासात याहून मोठा शोध नाही. ते दही मात्र थांबवा."

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. लहानपणी त्याला हवं होतं त्याच्या शंभरपट मिळालं होतं. कुणीतरी होतं! समोर अर्चनानं वाटी तिरकी करून शेवटचं निपटलं आणि बोट चोखलं.

"कोण होतं?"

सांगायला तोंड उघडलं, आणि प्रतापच्या डोळ्यांसमोर फाटकावरचा फलक आला. दोरीच्या गाठीखालचं आपलं नाव. आत्ता बोललो तर ही निकम वहिनींना सांगेल, पाच मिनिटांत सगळ्या विंगना कळेल, आणि संध्याकाळी एकही माणूस वाटीला हात लावणार नाही. त्याला त्या सगळ्यांना खाताना बघायचं होतं. वर्ख लावून, बोटानं गुंडाळून.

"डॉक्टर," तो म्हणाला. "वेळ विचारत होत्या."

"आणखी घेते थोडं," अर्चना म्हणाली आणि उठली. प्रताप खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी मांडव खच्चून भरला. मंत्री बोलले, शिंगटे पाऊण तास बोलले. सगळ्यांच्या हातात वाट्या आल्या. मंत्र्यांनी पहिला चमचा घेतला, तार ओढून कॅमेऱ्याला दाखवली, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अर्चना लग्नातल्या ब्लाउजवर नवी साडी नेसून बसली होती, सगळी हुकं लागलेली. प्रताप थांबला. शेवटची वाटी रिकामी होईपर्यंत थांबला. मग माइकजवळ गेला आणि अहवाल वाचला. एकही शब्द न गाळता, आकड्यांसकट, दातांच्या खुणांसकट, वासाच्या वडीसकट.

पुढचं दृश्य जगानं पाहिलं. मंत्री हारातच ओकले. शिंगट्यांनी आधार म्हणून निकम वहिनींचा खांदा धरला, त्या त्यांच्या सफारीवर ओकल्या. वाहिनीचा माणूस कॅमेरा न सोडता बाजूला वाकला, त्यामुळे ते सगळ्या देशाला आडवं दिसलं. प्रताप व्यासपीठावर उभा राहून बघत होता, आणि त्याला वाटलं होतं तेवढं बरं वाटत नव्हतं. कारण पहिल्या रांगेत एकच बाई ताठ बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

ती जागची उठून पायरीपर्यंत आली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज."

"आज कधी?"

"सकाळी. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा."

"मी दुसऱ्यांदा घ्यायला उठले, त्याच्या आधी की नंतर?"

प्रतापनं खोटं बोलायचा विचार केला. पण एवढा मोठा शोध लावलेल्या माणसाला तेवढं साधं खोटं सुचलं नाही. "आधी," तो म्हणाला.

अर्चनानं पदर खोचला आणि घराकडे चालायला लागली.

त्या रात्रीपासून प्रताप इंगवले जगातला सगळ्यात प्रसिद्ध हौशी माणूस झाला. चोवीस देशांतून फोन आले. नव्या जिवाला त्याचं नाव लागलं. फक्त घरात त्याच्याशी कुणी बोलेना. ताट वाढलेलं असायचं, शब्द नसायचा. चार दिवस त्यानं वाट बघितली, पाचव्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"चुकलं माझं. काय करू सांग. तू सांगशील ते करतो."

"बसा," अर्चना म्हणाली.

तो बसला. तिनं फ्रीज उघडला, मागच्या बाजूला हात घातला, पिशवीत पिशवी गुंडाळलेली एक वाटी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. शिगोशीग भरलेली. जांभळट साय जरा हलली.

"सगळ्यांनी टाकून दिलं," ती म्हणाली. "मी एवढं ठेवलं. मी डॉक्टरांसमोर तुमच्या विरुद्ध खोटं बोलले, ते माझं चुकलंच. पण मी तुम्हाला ते खाऊ घातलं नव्हतं. डॉक्टरांना विचारून घेतलंय, अपाय काही नाही."

"अर्चना, अगं पण..."

"मी महिनाभर खाल्लं. शेवटची वाटी तुम्ही बघत असताना खाल्ली. आता मी बघते."

प्रतापनं चमचा उचलला. वास नाकात शिरला, डोळ्यांत गेला, पार कानांपर्यंत पोचला. कुठल्यातरी दूरच्या ताऱ्याचा, कुणातरी प्रवाशाचा, घाईघाईनं मोकळं झालेल्या पोटाचा. त्यानं तोंड उघडलं. आत गेलेलं कोमट लागलं, फ्रीजमधलं असूनसुद्धा. अर्चना समोर बसली, हनुवटीखाली हात घेतला.

"आणि चाटून पुसून संपवा," ती म्हणाली. "ती वाटी मी घासणार नाही."